पाचवं गणित

पाचवं गणित काही केल्या सुटेना. क्ष वर्ग अधिक सात क्ष अधिक अकरा, अवयव पाडा. आनंदरावांना असे दोन आकडे हवे होते, ज्यांचा गुणाकार अकरा आणि बेरीज सात. एक आणि अकरा घेतले, तर बेरीज बारा. ऋण चिन्हं लावून पाहिली. नाही जमलं.

एकतीस वर्षं जरीपटका भागातल्या शाळेत त्यांनी हेच शिकवलं होतं. दिवाळीनंतर अर्धांगाचा झटका आला, उजवा हात जड पडला, माणसांची नावं निसटायला लागली. तेव्हापासून त्यांची बायको प्रेमिला रोज सकाळी पाच गणितं कागदावर उतरवून द्यायची. दवाखान्यातून फोनवर येतात, म्हणायची. महिनाभर एकही चुकलं नव्हतं. त्याच भरवशावर गल्लीतल्या पोरींची शिकवणी उद्यापासून पुन्हा सुरू व्हायची होती.

प्रेमिला बाजारात गेली होती. ते फाटकापर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले. सतराचा पाढा म्हणून पाहिला. तो बिनचूक आला. कागदाकडे वळले, तर गणित तिथंच अडलेलं. डॉक्टरांचं गणित चुकीचं कसं असेल? आपल्याच डोक्यातलं आणखी काही गेलं. फळ्यापुढे पोरींदेखत असं झालं तर? शेवटी त्यांनी शिकवणीतल्या नंदिनीच्या आईला फोन लावला आणि शिकवणी होणार नाही, असं सांगून टाकलं.

प्रेमिला आल्यावर त्यांनी मान खाली घालून कागद पुढे केला. "मले हे जमून नाही राहिलं. डॉक्टरले सांगून दे."

तिने पिशवी ठेवली, कागद डोळ्यांजवळ नेला, ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटली.

"तुमचं नाही चुकलं. इथं बारा पाहिजे होते. मी तीन अन् चार मनात धरले होते. घाईत तीन चोक अकरा लिहिलं."

आनंदरावांनी कागद परत ओढून घेतला. डॉक्टर फक्त डोकं चालतं ठेवा म्हणाले होते, तिने हळूच कबूल केलं. दवाखान्यातून गणितं कधी आलीच नव्हती.

त्यांनी फोन उचलला, पोरींना उद्या पाठवा म्हणून सांगितलं. मग सातवीत शाळा सुटलेल्या आपल्या बायकोला विचारलं, "हे तुले कोणी शिकवलं वं?"

"तुम्हीच," पिशवीतली वांगी काढत ती म्हणाली. "शिकवणी समोरच्या खोलीत होती, पण आवाज स्वयंपाकघरात येत होता ना."