पाठवणीची टर्बो

गाडी परत बंद पडली आणि बायकांना परत रडावं लागलं.

रीतच तशी. मुलगी गाडीत बसली की आईनं खिडकीशी येऊन रडायचं, मावश्यांनी आईला धरायचं आणि गाडीनं निघून जायचं. यातलं शेवटचं काम चेतनकडे होतं आणि तेवढंच होत नव्हतं. गाडी जराशी सरकायची, काळा धूर ओकायची आणि आचका देऊन मरायची. मग मुलीची आई जनाबाई पदर सावरत पुन्हा पुढे यायची. मुलगी समोर दिसत असताना मायनं कोरडं उभं राहणं बरं दिसत नाही. बँडवाल्यांनी वाद्यं खोळीत भरली होती, ती त्यांनी परत काढली.

दोष पेट्रोलचा होता. कमी पेट्रोलचा नव्हे, जास्त. चेतनची टर्बो गाडी जुनी, पण अंगात जोर फार. त्या जोराला पेट्रोल पुरत नाही असं चेतनला वाटायचं. म्हणून घरात बहिणीच्या लग्नाची खरेदी चालू असताना त्यानं टाकीतला पंप बदलून मोठा बसवला आणि इंजिनात पेट्रोल फवारणारे इंजेक्टरही मोठे टाकले. दामिनी स्वतःच्या लग्नाच्या पत्रिका घेऊन महाल भागातल्या गल्ल्यांत एकटी फिरली, तेव्हा भाऊ गाडीखाली होता. मेंदीच्या दिवशीही गाडीखालीच होता. आता फक्त कॉम्प्युटर लावून ट्यूनिंग करायचं राहिलं होतं. तोवर गाडी हळू चालवली की इंजिन पेट्रोल पिऊन पिऊन बेशुद्ध पडायचं. ट्यूनिंगवाला लग्नसराईनंतर येणार होता. सध्या तोही कुठल्याशा वरातीत नाचत होता.

खरं तर दामिनीच्या सासरी, खापरखेड्याला जायला भाड्याची गाडी ठरली होती. ती चेतननंच रद्द केली. लग्नाच्या लॉनच्या फाटकातून असं सुसाट निघायचं, की वऱ्हाडाचे फेटे उडाले पाहिजेत, असा त्याचा बेत होता. फेटे जागच्या जागी होते. फेटेवाले मात्र गाडीमागे येऊन धक्का मारत होते. त्यांत नवरदेव आयुषही होता, शेरवानीच्या बाह्या वर सारून.

"काहून बे चेतन," मामा ओरडले, "जावयाले हुंड्यात धक्का देऊन राहिला का?"

वडील मारोतराव हसलेही नाहीत. "बैलगाडी केली असती तं एव्हाना खापरखेडा आलं असतं," एवढंच म्हणाले आणि तोंड फिरवून उभे राहिले.

चेतनची मान स्टिअरिंगला टेकली. वर बघायची सोय नव्हती. वर आरसा होता आणि आरशात मागच्या सीटवर दामिनी होती.

"दादा," ती म्हणाली.

आता हिचंही ऐकावं लागणार.

"सगळे हासून राहिले तुले. हासू दे. मले समजलं."

"काय समजलं?"

"तू मुद्दाम बंद पाडून राहिला ना गा? मले आई अजून थोडी दिसावी म्हणून." तिनं नाक ओढलं. "मले तं वाटे, तुले माझं काही पडलंच नाही."

खरं सांगायला चेतननं तोंड उघडलं. आरशात तिचं काजळ गालावर उतरलं होतं आणि तशीच ती त्याच्याकडे कौतुकानं बघत होती. पत्रिका, मेंदी, सगळं तिनं एका दमात माफ करून टाकलं होतं. एवढ्या वऱ्हाडानं मिळूनही त्याला इतकी लाज आणली नव्हती.

"हो," तो म्हणाला.

मग आपलंच तोंड कुठंतरी लपवायचं म्हणून त्यानं ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबला आणि सेल्फ मारला. साचलेलं पेट्रोल एकदाचं बाहेर फेकलं गेलं. इंजिन लागलं. आचका नाही, धूर नाही. पाय काढला तरी एका सुरात चालूच. वऱ्हाडानं टाळ्या पिटल्या. आयुष हात झटकत दाराकडे धावला. फाटक सताड उघडं होतं. जनाबाई तेवढी टाळ्या न वाजवता लांब उभी होती.

चेतननं हळूच चावी उलटी फिरवली आणि खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"आई, ये वं. परत बंद पडली."