कुलपातली गिटार

आसिफ, माझा धाकटा भाऊ, गणपती विसर्जनाला किल्लारीत ऑर्केस्ट्रा वाजवायला गेला अन् पहाटेच्या भूकंपात तिथंच गेला. ढिगाऱ्यातून त्याची इलेक्ट्रिक गिटार निघाली. भरीव लाकडाची, म्हणून चेपली न्हाई. मी ती अम्मीच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात ठेवली, कुलूप लावलं अन् चावी गळ्यात घातली.

तेव्हापासून अम्मी रोज दुपारी म्हणायची, "हमजा, आसिफ वाजवायलाय." मला कधीच काही ऐकू आलं न्हाई.

यंदा चुलत भावांनी ठरवलं, म्हातारी पागल झाली, तिला वेड्यांच्या दवाखान्यात टाका. खरं कारण सगळ्यांना ठाऊक होतं. लातुरात कोचिंगच्या पोरांना खोल्या पुरत न्हाईत, अन् अम्मीच्या खोलीत चार खाटा बसतात. बेशरम माणसं. मी त्यांच्याहून बेशरम, दवाखान्याच्या कागदांवर सही करून बसलो होतो.

जुन्या गिटारी जमवणारे एक गृहस्थ ती बघायला पुण्याहून आले. मी कुलूप काढलं. त्यांनी तारांवरून बोट फिरवलं.

"पंचवीस वर्षं बंद म्हणालात ना? मग तारा गंजायला हव्या होत्या. या रोज वाजतात. अहो, घामानं ओल्या आहेत."

त्यांनी गिटार घाईनं रिकाम्या खाटेवर ठेवली.

मी हसत सुटलो. खिशातले ते कागद तिथंच टराटरा फाडले. अम्मी दारात उभी होती.

"अम्मी, तू पागल न्हाईस."

"मी कवा म्हनलं, मी पागल हाय? चूप बस. ऐकू दे."

खाटेजवळ कुणीच नव्हतं. गिटारीच्या तीन तारा हळूच खाली दबल्या.