पहिल्याच टेकला

त्या धार्मिक चित्रपटात श्रीरंग मुलाच्या भूमिकेत होता. वडिलांच्या दहाव्याला कावळा पिंडाला शिवत नाही. मुलगा हात जोडून म्हणतो, “बाबा, आईला मी अंतर देणार नाही,” आणि कावळा शिवतो. त्या प्रसंगाला अकरा टेक लागले, पण पुण्यातले प्रेक्षकसुद्धा रडले. श्रीरंगला पुरस्कार मिळाला.

यंदा कर्वेनगरच्या वृद्धाश्रमात त्याचे खरे वडील वारले. दहाव्याला घाटावर त्याने हात जोडून तेच वाक्य म्हटलं, तितक्याच ओल्या आवाजात. कावळा भिंतीवरून हलला नाही. तासाभराने गुरुजींनी दर्भाचा कावळा करायला घेतला.

तेव्हा आई पुढे झाली. आश्रमाने तिला दुपारच्या जेवणापर्यंतच सोडलं होतं. परतीची रिक्षा श्रीरंगने आधीच सांगून ठेवली होती. ती पिंडाकडे बघून छान हसली.

“अहो, श्री मला आजच घरी नेतोय. माझी खोलीसुद्धा रंगवून घेतलीय त्यानं. तुम्ही जा आता निर्धास्त.”



पहिल्याच टेकला कावळा शिवला.