गोड आवाज

"अगं, बिलातली मिनिमम रक्कम भरली की झालं! एवढी काय तापतेस?" नव्या बुटांवरून नजरही न हलवता निषाद म्हणाला. बूट माझ्या कार्डावर घेतलेले, तेही मला न विचारता. सोळा वर्षांचं पोर मलाच अक्कल शिकवत होतं.

माझं डोकंच फिरलं. हेच वाक्य मी दिवसभर कानाला हेडफोन लावून ऐकते. कार्डाची बिलं थकवणाऱ्यांना फोन करून वसुली करायची, हीच माझी नोकरी. त्यातले बहुतेक सुरुवातीला मिनिममच भरत असतात, आणि उरलेल्यावर व्याज चढत जातं.

ओरडायला उघडलेलं तोंड मी मिटलं. खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसले आणि ऑफिसातला गोड आवाज काढला.

"नमस्कार सर, कार्ड विभागातून बोलतेय. बिल कधी भरताय?"

तो हसला. "आई, पुरे."

"बूट घेताना विचार केला नाहीत ना सर? मग आता कुणाकडून तरी मागा. की कॉलेजात माणूस पाठवू? मित्रांसमोर बरं दिसेल?"

"आई!"

"आवाज चढवू नका सर, कॉल रेकॉर्ड होतोय. तुमच्या आईंचा नंबर आहे आमच्याकडे. त्यांना फोन लावू?"

त्याचं हसू केव्हाच मावळलं होतं. तो बुटांच्या लेस सोडू लागला. "आई, प्लीज, तू ओरड ना माझ्यावर."

"त्या फोनवर ओरडणारी आई नसते!" मी ओरडलेच. "तिथं अशी गोड बोलणारी मी असते!"