साडेतीन गुंठे जास्त

शहराच्या नव्या संकेतस्थळासाठी तक्ता करताना तेराही वॉर्डांची बेरीज जाहीर क्षेत्रफळापेक्षा साडेतीन गुंठ्यांनी जास्त भरत होती. नुकत्याच एम.एस्सी. झालेल्या आरोहीने ठरवलं, चूक सापडल्याशिवाय खाली सही करायची नाही. मग ही कंत्राटी नोकरी गेली तरी बेहत्तर.

"एवढ्याशा जमिनीक कोण इचारता गो बाय?" शिपाई लवूकाका हसले, पण टेपचं टोक धरून खाडीकाठच्या दाट माडांत शिरले. शेवटचा वॉर्ड तिथल्या चिऱ्याच्या गडग्यापाशी, एका बुटक्या दगडी कुंपणापाशी, संपत होता.

नकाशाप्रमाणे आरोही उभी होती तिथून गडगा चाळीस मीटरवर होता. टेप मात्र तिच्या हातातून सुटतच राहिली. बेचाळीस झाले, सत्तेचाळीस झाले.

"लवूकाका, थांबा! गडगा मागे राहिला!"

"आराडतंस कित्याक?" काका तिच्या पाठीमागून शहाळी घेऊन येत होते. "टोक गडग्याक बांधून मी मघाशीच इलंय."

माडांत वारा नव्हता. टेप ताठ होती आणि पलीकडून ओढ चालूच होती.

आरोहीने पाय रोवले. आता सोडायची नाही. तिने वही उघडली आणि अंगठ्याखालचा आकडा वाचला.

टेप पन्नास मीटरची होती. तिच्यावर छापलेला आकडा त्रेपन्न होता.