'अनुजा आज शांत आहे'

शाळेच्या संदेशात उद्याच्या लसीकरणाची आणि शनिवारच्या पालकसभेची आठवण होती. त्याखाली हल्ली रोज येणारी ओळ होती: 'अनुजा आज शांत आहे.'

पोस्टाच्या खिडकीशी कामाला बसलेल्या अनुजाच्या आईने, हेमांगीने, ती ओळ दोनदा वाचली आणि तिला बसवेना. दुसरीतल्या प्रत्येक मुलाच्या मनगटावर नाडीवरून भीती ओळखणारी पट्टी होती. जूनपासून अनूची पट्टी दिवसातून तीन-चारदा कळवायची, 'अनुजा घाबरली आहे.' दर वेळी हेमांगी काम टाकून धावायची. गेला आठवडाभर मात्र तसा एकही निरोप नव्हता.

शेवटी ती उठलीच. शाळेत मधली सुट्टी संपत आली होती. अनू वर्गात एकटीच, ओठ घट्ट मिटून बोटांवर काहीतरी मोजत बसली होती.

"काय करतेस गं?"

"असा मोजून मोजून श्वास घेतला की पट्टीला कळत नाही," अनू कुजबुजली. "मग तुला यावं लागत नाही. साहेब ओरडले होते ना तुला?"

हेमांगीने पट्टी सोडवून बाकावर ठेवली. इतक्यांदा धावत येऊन तिने अनूला जवळ घेतलं होतं, खाऊ दिला होता, घरीसुद्धा नेलं होतं. विचारलं मात्र कधीच नव्हतं.

"अनू, तुला भीती कशाची वाटते?"

अनूने बोटांवरचं मोजणं थांबवलं.

"बाई वाचायला उभं करतात तेव्हा वाटते," ती म्हणाली. "आई, मला फळ्यावरचं दिसतच नाही."