सांडलेला पारा

थर्मामीटर स्टँडच्या पकडीतून निसटला आणि ओट्यावरच्या फरशीवर आपटला. डोक्यावरचा जुना पंखा एवढा घरघरत होता की आवाज कुणाला ऐकू गेला नाही. ऐकला तो एकट्या स्वरूपानं. पाऱ्याचे चकचकीत मणी ओट्यावर इकडेतिकडे धावत सुटले.

पहिल्या वर्षी प्रयोगशाळेत पाऊल टाकलं त्याच दिवशी तिथल्या शिपायानं, मल्लेशम अन्नानं, तिला दारात अडवलं होतं.

"तू स्कीमवाली ना? मग हात सांभाळून. काच फुटली की स्कीममधनं नाव कटलं म्हणून समज."

स्कीम यादगिरी सरांची. करीमनगरच्या या कॉलेजात गरिबाघरची जी मुलं सायन्सला येत, त्यांची फी, हॉस्टेल, पुस्तकं, सगळं सर चार ठिकाणी शब्द टाकून उभं करत. स्वरूपाचा बाप सिरिसिल्ल्यात दुसऱ्याच्या यंत्रमागावर राबायचा. आई विड्या वळायची. नाव कटलं तर आईच्या शेजारी बसायचं, तंबाखूचं सूप मांडीवर घ्यायचं, एवढंच उरलं होतं. सुट्टीला घरी गेली की मावशी मुद्दाम विचारायची, "बोटं अजून वळतात ना गं तुझी? विसरू नकोस हो, लागतील."

म्हणून पहिलं वर्षभर आणि त्यानंतरही तिनं काचेला हात लावला नव्हता. जोडीदारीण हारिका डॉक्टरची मुलगी. ती धडाधड प्रयोग करायची, स्वरूपा आकडे लिहायची. आज हारिका तापानं आली नव्हती.

स्वरूपानं आजूबाजूला पाहिलं. कुणाचं लक्ष नव्हतं. तिनं पिशवीतून जेवणाचा रिकामा डबा काढला, त्यातली लोणच्याची वाटी उघडली आणि कागदाच्या कडेनं एकेक मणी वाटीत ढकलायला लागली. काही मणी नुसत्या बोटांनी गोळा केले. काचेचे तुकडे ओढणीच्या टोकात बांधले. अंगठा कापला, तो तिनं मुठीत दाबून धरला. सांगावं का? सांगितलं तर नाव जाणार. लपवलं आणि सापडलं तर नाव जाणार, वर चोर म्हणतील.

"कुणी जागचं हलू नका."

यादगिरी सर खाली वाकून तिच्या ओट्याच्या पायाशी बघत होते. तिथं एक मणी राहून गेला होता.

"मल्लेशम, खिडक्या उघड सगळ्या. कुणाकडनं फुटला?"

स्वरूपानं डबा पिशवीत सारला.

"मी रागावणार नाही," सर म्हणाले. पण त्यांचा आवाज चढला होता. "बाकीचा पारा कुठं गेला तेवढं सांगा. लवकर सांगा."

रागावणार नाही म्हणणारी माणसं कशी असतात ते तिला ठाऊक होतं. बापाचा मालकही तसंच म्हणायचा. तिला वाटलं, आता सगळ्यांच्या पिशव्या तपासतील. ती उठली. तिनं पिशवीतून डबा काढला आणि त्यातली वाटी सरांपुढं धरली.

"सर, सगळा गोळा केलाय. तेवढा एक राहिला. परत घ्या सर. नाव नका कापू माझं."

सरांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी वाटी घेतली, झाकण घट्ट लावलं आणि तिची मूठ उघडली. तळहात रक्तानं भरला होता.

"हा तुझा जेवणाचा डबा? उद्या यातच जेवणार होतीस?"

"धुतला असता सर."

सरांनी सगळ्या वर्गाला बाहेर काढलं. तिचा हात नळाखाली धरला, काच राहिली नाही ना ते पाहिलं, अंगठ्याला पट्टी बांधली. मल्लेशमनं फरशीवर गंधक भुरभुरला. सर तिला घेऊन व्हरांड्यात आले. अजून नावाचं काहीच बोलले नव्हते.

"नाव कापायचं तुला कुणी सांगितलं?"

मल्लेशमच दारातून पुढं झाला.

"मी बोललो, सर. गरिबाची पोरं, जपून राहावीत म्हणून."

"पाऱ्याची वाफ फुप्फुसात गेली असती, मल्लेशम. थर्मामीटर काय, नवा येतो." सर तिच्याकडे वळले. "अम्मा, पोरी, तुझं नाव कुठं जात नाही. शंभर फोड. पण पुन्हा असं लपवू नकोस. घाबरलो मी."

स्वरूपाला आता कुठं रडू फुटलं.

स्कीमची बाकीची मुलं भिंतीला टेकून उभी होती. सर त्यांच्याकडे बघत राहिले. मग हळूच त्यांनी विचारलं, "तुमच्यातल्या कुणी ब्युरेटची काचेची नळी स्वतःच्या हातानं भरलीय?"

कुणी हात वर केला नाही. सगळे आपापल्या चपलांकडे बघत होते. शेवटी नरेश नावाचा एक मुलगा म्हणाला, "सर, आम्ही आकडे लिहितो."

सर व्हरांड्याच्या पायरीवर खाली बसले. मदत करणाऱ्यांपुढं उभं राहून दरवर्षी ते अभिमानानं सांगत आले होते, की आपल्या मुलांच्या हातून आजवर एक काच फुटलेली नाही.